मॉसफेट पहिल्यांदा हातात घेताना

मॉसफेट म्हणजे प्रवाह चालू-बंद करणारा तीन पायांचा इलेक्ट्रॉनिक स्विच; पाय म्हणजे गेट, सोर्स आणि ड्रेन. एक गोष्ट आधी पक्की कर: गेटमधून प्रवाह वाहत नाही. त्याच्याखाली सिलिकॉन डायऑक्साइडचा, म्हणजे काचेसारखा, अतिशय पातळ थर असतो. एन-चॅनल प्रकारात (ज्यात इलेक्ट्रॉन प्रवाह वाहतात) गेटला धन व्होल्टेज दिलं की थरापलीकडे इलेक्ट्रॉन गोळा होतात आणि सोर्स ते ड्रेन वाट खुली होते; माडाच्या आळ्यात पाणी सोडायला पाटाचं तोंड उघडावं तशी.

नवखे इथे चुकतात:
- गेट मोकळं सोडतात. नुसतं बोट लागून माझा पंप सुरू झाला होता! गेट-सोर्समध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर लाव.
- गेटला फक्त ५ व्होल्ट देऊन आयआरएफ५४० हा मॉसफेट वापरतात. तो अर्धवट उघडतो, तापतो. ५ व्होल्टला नीट उघडणारा आयआरएलझेड४४एन घे.
- मोटरला उलटा डायोड (बंद करताना उसळणाऱ्या व्होल्टेजपासून मॉसफेट वाचवणारा) विसरतात.

आपल्या खाऱ्या हवेत पाय काळे पडतात, घासून मगच डाग दे. आलेख, सूत्रं नंतर. आज एक एलईडी पेटव.