मनगटाचा एक्स-रे पाहून

प्रिय डॉक्टर,

तू पाठवलेला एक्स-रे पाहिला. कॉलीस फ्रॅक्चरच, म्हणजे मनगटाजवळ मोडलेलं हाड, आणि ते छान बसवलंयस. प्लास्टरबद्दल काही म्हणायचं नाही. पण केसपेपरवर एवढंच लिहिलंयस : 'वय ५८, अंगणात पाय घसरला, सहा आठवड्यांनी प्लास्टर काढणे.' बस्स? उभं माणूस हातावर पडलं तर खरचटावं, मुका मार लागावा. तेवढ्याने मनगट मोडलं, तर ते हाड आतून ठिसूळ झालंय का, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस आहे का, हे बघायला नको?

हे मलाही उशिराच कळलं. प्रॅक्टिसच्या सुरुवातीला अशाच एक बाई आल्या होत्या. प्लास्टर घातलं, काढलं, मूठ वळते का पाहिलं आणि घरी पाठवलं. चार वर्षांनी त्यांच्या मुलाने त्यांना टेम्पोत गादी टाकून आणलं. खुबा मोडला होता. पिशवीतून जुना केसपेपर निघाला, त्यावर मनगटाची नोंद आणि खाली माझी सही. त्या बाई पुन्हा धड चालल्या नाहीत.

तेव्हा या मावशींशी जरा निवांत बोल. पाळी कधी गेली ते विचार, आणि 'पिशवी (गर्भाशय) काढलीय का' हे वेगळं विचार. नाहीतर 'गेली की कधीच' एवढ्यावर बोलणं संपतं. २०१९ साली सरकारी समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून जास्त जणींचं पिशवीचं ऑपरेशन झालेलं आढळलं. पस्तिशीत ऑपरेशन होऊन अंडाशयंही काढली असतील, तर तेव्हाच पाळी गेल्यासारखं होतं. हाड जन्मभर झिजत आणि भरत असतं. तिशीपर्यंत भर जास्त पडते. अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक आहे तोवर झीज आवाक्यात राहते, ते गेलं की पुढची पाच-सात वर्षं हाड झपाट्याने विरळ होतं. ज्या बाईची ही वर्षं पस्तिशीतच सुरू झाली, तिचं पन्नाशीतलं हाड कसं असेल? शिवाय दम्यासाठी किंवा सांधेदुखीवर कुणाकडून पुड्या आणतात का, तेही विचार. त्या पुड्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड निघतं, आणि त्यानेही हाड ठिसूळ होतं.

मावशी म्हणतील, 'पण माझी हाडं कुठं दुखतात? गुडघे दुखतात फक्त.' गुडघ्यांचं दुखणं वेगळं, हे समजावून सांग. ठिसूळ हाड मोडेपर्यंत दुखत नाही. मी त्यांना वाळवी लागलेल्या वाशाचं सांगतो. वरून रंग शाबूत असतो.

औषध कंपनीचा माणूस तुझ्याकडेही येईल, 'सर, फ्री बीएमडी कॅम्प करू या' म्हणत. बीएमडी म्हणजे हाडाची घनता. टाचेवर लावायच्या त्या यंत्रावरून निदान करू नकोस. कंबरेचा आणि खुब्याचा डेक्सा, म्हणजे हाडाची घनता मोजणारा खास एक्स-रे, करून घे, त्यासाठी जिल्ह्याच्या गावी पाठवावं लागलं तरी पाठव. त्यातला टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडाशी केलेली तुलना, उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस. मात्र साध्या पडण्याने खुबा किंवा मणका मोडलेला असेल, तर डेक्साची वाट बघत औषध अडवू नकोस.

हाडाची झीज रोखणाऱ्या अलेन्ड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदाच असते, पण ती घ्यायची कशी हे सांगायला पाच मिनिटं दे. सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि पुढे अर्धा तास चहा नाही, आडवं व्हायचं नाही. चहाचं ऐकल्यावर निम्म्या बायका तिथेच नापास होतात! आडव्या झाल्या तर अन्ननलिका जळते. सुरू करण्याआधी कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन बघ, दात काढायचे असतील तर ते आधी काढून होऊ देत. ड जीवनसत्त्वाची ६० हजार युनिटची पुडी आठवड्याची आहे हे मोठ्या अक्षरांत लिही. लोक रोज घेतात, मी पाहिलंय. झीज रोखणारं दुसरं औषध, डेनोसुमॅब, त्याचं इंजेक्शन दर सहा महिन्यांनी लागतं. ज्यांना वेळेवर येणं जमणार नाही त्यांना ते सुरूच करू नकोस, मध्येच सोडलं तर मणके भराभर मोडू शकतात.

आहाराचं थोडक्यात : या वयात दिवसाला सुमारे १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. शंभर ग्रॅम नाचणीतून साधारण साडेतीनशे मिळतं. भाकरी, दूध, ताक, तीळ धरून हिशेब कर आणि उरेल तेवढीच गोळी दे. मिश्री लावत असतील तर सोडायला सांग. चालणं हवंच, आणि ओट्याला धरून एका पायावर उभं राहण्याचा सराव.

घर मात्र नीट विचारून घे. न्हाणीत शेवाळ आहे का, रात्री लघवीला उठताना दिवा लागतो का, झोपेची गोळी चालू आहे का, मोतीबिंदू राहिलाय का. मोडतं शेवटी पडल्यावरच.

प्लास्टर काढायला येतील तेव्हा भिंतीला पाठ लावून उंची मोज, मणके दबले की उंची कमी होते. तरुणपणची उंची त्यांना सांगता येणार नाही. मी विचारतो, 'फळीवरचा जो डबा पूर्वी हाताला यायचा, तो आता येतो का?' नाही म्हणाल्या, तर पाठीचा एक्स-रे काढ आणि तोही मला पाठव.

तुझा,
सर