स्विफ्टला पुढे एका साइजचे आणि मागे दुसऱ्या साइजचे टायर टाकले तर चालतात का?

तुम्ही लिहिलंय की स्विफ्टला कंपनीचे १६५/८० आर१४ टायर आहेत, पुढचे दोन पार गुळगुळीत झालेत आणि दुकानदार १८५/६५ आर१४ चे दोन कोरे टायर स्वस्तात देतोय. "डिस्क (टायर ज्यावर चढतो ती रिम) तीच बसते, वर टायर रुंद, पकड वाढेल" असं त्याचं म्हणणं. आणि तुमचं सातारा-पुणे रोजचं जाणं-येणं.

घेऊ नका. मी अठरा वर्षं व्हील अलाइनमेंटचं काम करतोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

डिस्क बसते, त्यात तो खोटं बोलत नाही. गोम मधल्या आकड्यात आहे. १६५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ८० म्हणजे त्या रुंदीच्या ८० टक्के. १६५ चे ८० टक्के १३२ मिलिमीटर, ही टायरच्या भिंतीची उंची. वरची आणि खालची धरून २६४. त्यात १४ इंची डिस्कचे ३५६ मिळवा, टायर झाला ६२० मिलिमीटर उंच. आता दुसरा: १८५ चे ६५ टक्के १२०, दुप्पट २४०, अधिक तेच ३५६. म्हणजे ५९६. मोठा म्हणून जो टायर तुमच्या गळ्यात मारतायत तो उभा केला की २४ मिलिमीटरने बुटका आहे.

तुमच्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला १८५/६५ टायर येतो, पण तो १५ इंची डिस्कवर. त्याची उंची काढून बघा, ६२२ येते. फक्त २ मिलिमीटरचा फरक, तोही कंपनीने हिशोब करून ठेवलेला. रुंद टायरची हौसच असेल तर चारही डिस्क आणि चारही टायर त्या मापाचे घ्या.

हा हिशोब पटत नसेल तर खडू घ्या. सपाट फरशीवर टायरच्या खालच्या टोकाला एक रेघ आणि तिथेच जमिनीवर एक रेघ ओढा. गाडी हळू ढकलत टायरवरची रेघ पुन्हा खाली येईपर्यंत न्या, जमिनीवर दुसरी खूण करा आणि टेप लावा. तुमचा टायर एका फेरीत साधारण १९५ सेंटिमीटर जातो, बुटका १८७. गाडीच्या वजनाने टायर दबतो, म्हणून टेपवर दोन्ही आकडे थोडे कमी भरतील, पण फरक तेवढाच राहील. एका किलोमीटरला बुटक्याच्या २० फेऱ्या जास्त होतात.

पुढचे दोन्ही बुटके असतील तर डिफरन्शियलला (वळणावर डावं-उजवं चाक वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच) त्रास नाही, कारण डावं-उजवं सारखंच फिरतं. पण एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, चारही चाकांच्या वेगाची सतत तुलना करत असतं. कोणतं चाक घसरतंय हे त्याला त्या तुलनेतूनच कळतं. पुढची दोन चाकं सरळ रस्त्यावरही मागच्यांपेक्षा जवळजवळ ४ टक्के जास्त फिरत असतील, तर त्याच्या हिशोबाचा पायाच चुकतो. ब्रेक ऐन वेळी कसे वागतील याची खात्री उरत नाही. शिवाय पुढे रुंद टायर आणि मागे अरुंद, घासलेले, म्हणजे पावसात खंबाटकी उतरताना वळणावर मागची बाजू आधी सुटणार.

एका अ‍ॅक्सलवर डावा वेगळा आणि उजवा वेगळा, हे तर कधीच नको. मागे एक गृहस्थ डिझायर घेऊन आले होते. गाडी डावीकडे ओढते म्हणून दोन ठिकाणी अलाइनमेंट करून झालं होतं, माझ्या मशीनवरही सगळे आकडे बरोबर. मी पुढची दोन चाकं आपसात बदलली आणि चक्कर मारली, तर गाडी उजवीकडे ओढायला लागली. तेव्हा खाली बसून चिखल पुसला. एकावर १६५/८०, दुसऱ्यावर १८५/६५, दोन्ही आर१४. रात्री हायवेवर खड्ड्यात टायर फुटला होता आणि जे मिळालं ते टाकून घेतलं होतं. पुढे चार महिने गाडी तशीच पळत होती. पुणे ते कोल्हापूर एका खेपेत त्या दोन चाकांच्या फेऱ्यांत साडेचार हजारांवर फरक पडतो. डिफरन्शियलमधले छोटे गिअर खरं तर वळणापुरते फिरायचे, ते सरळ रस्त्यावरही अखंड घासत राहतात. योग्य मापाचा टायर टाकल्यावर गाडी सुतासारखी सरळ गेली.

फोर व्हील ड्राइव्हवाल्यांनी तर याहून जपावं. थारसारख्या गाडीत फोर-व्हीलचा दांडा टाकला की पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल एकत्र बांधला जातो. कोरड्या डांबरावर मापं वेगळी असली की सगळा ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढे-मागे ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्यावर, येतो.

पोर्शे ९११ ला पुढे आणि मागे वेगळे टायर असतात असं कोणीतरी सांगेलच. असतात. तिचं सस्पेन्शन, एबीएस सगळं त्या मापांवरच बेतलेलं असतं. फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरचंही तसंच, पुढच्या छोट्या चाकांसाठी गिअरचं प्रमाण कारखान्यातच जुळवलेलं असतं. म्हणून तर ट्रॅक्टरचेही नुसते मागचे टायर वेगळ्या मापाचे टाकले की गडबड होते.

आता तुमच्यासाठी. १६५/८० आर१४ चेच दोन घ्या, एकाच कंपनीचे आणि एकाच नक्षीचे. दारापाशी खांबावर स्टिकर असतं, त्यावर माप आणि हवा दोन्ही लिहिलेली असतात. टायरवर चार आकडी तारीख बघा, ३२२४ म्हणजे २०२४ चा ३२ वा आठवडा. लोड इंडेक्स ८५ च्या खाली नको, ८५ म्हणजे एका टायरवर ५१५ किलो.

आणि नवे दोन मागे टाका, मागचे पुढे आणा. गिऱ्हाईक याला हमखास नाही म्हणतं, कारण गाडी पुढच्या चाकांवर ओढली जाते. पण ओल्या रस्त्यावर पुढचं चाक घसरलं तर स्टेअरिंग हलकं लागतं, तुम्हाला कळतं, पाय काढला की बहुतेक वेळा गाडी सावरते. मागचं सुटलं की गाडी गिरकी घेते आणि सावरायला वेळच मिळत नाही. मात्र मागच्यांची नक्षी झिजून खाचेतल्या १.६ मिलिमीटरच्या खुणेला टेकली असेल तर दोनावर भागवू नका, चारही घ्या.

स्टेपनीचं मापही आजच वाचून ठेवा. वेगळी निघाली आणि पुढचं चाक पंक्चर झालं, तर मागचं चांगलं चाक पुढे घ्या आणि स्टेपनी मागे लावा. ८० च्या आत चालवत जवळचं पंक्चरचं दुकान गाठा.