हाऊस म्हणजे घर नव्हे रे!

‘हाऊस’ या नाचायच्या संगीतप्रकाराचा घराशी संबंध लावू नकोस, सुरुवातीला मीही तेच केलं होतं. नाव आलं शिकागोच्या ‘वेअरहाऊस’ क्लबवरून. १९७७ पासून डीजे फ्रँकी नकल्स तिथे रेकॉर्ड लावायचा. तीच गाणी मागत लोक रेकॉर्डच्या दुकानात यायचे, म्हणून खणावर ‘वेअरहाऊसमध्ये वाजलेली’ अशी पाटी लागली. पुढे नुसतं ‘हाऊस’ उरलं. (गंमत म्हणजे त्या खणात तेव्हा बरंचसं डिस्कोच होतं!)

आत्ता एवढंच कर:

- गाणं लावून चार मोज. प्रत्येक ठोक्याला किकचा (मोठ्या ड्रमचा) ‘धप्’, मधल्या जागेत हाय-हॅटचा (जोड-झांजेचा) ‘त्स’. सापडलं की झालं.
- टेक्नो हा नाचायच्या संगीताचा वेगळा प्रकार, तो डेट्रॉईटचा. इथेच सगळे घोळ घालतात.

डीप, ॲसिड वगैरे हाऊसची पिलावळ पाठ करत बसू नकोस. महिनाभर नुसतं ऐक, मग विचार.