पुण्याहून अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात जाताना कोलंबसमध्ये राहावं की शेजारच्या जॅक्सन काउंटीत? तिथे खरंच स्वस्त पडतं का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: नोकरी कमिन्सच्या कोलंबस ऑफिसात, व्हिसा एच-१बी, सोबत पत्नी आणि सात वर्षांची मुलगी. जॅक्सन काउंटीतल्या ब्राऊन्सटाऊन गावाजवळ तीन एकरांतलं एक घर २ लाख १० हजार डॉलरला दिसतंय आणि कोलंबसमध्ये तेवढ्या पैशात मनासारखं काही मिळत नाही. तर हे घर घ्यावं का?

आत्ता घेऊ नका. पहिलं वर्ष भाड्याने राहा. जॅक्सन काउंटीतच राहायचं असेल तर सीमोर गावाच्या हद्दीत राहा. या काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात, घर स्वस्त आहे पण अंतर महाग आहे, आणि अंतराचा खर्च घराच्या जाहिरातीत कुठेच लिहिलेला नसतो.

आधी भूगोल. जॅक्सन काउंटीची लोकसंख्या ४६ हजारांच्या आसपास आणि क्षेत्रफळ साधारण १३०० चौरस किलोमीटर. त्यातली जवळजवळ निम्मी माणसं सीमोरमध्ये. ब्राऊन्सटाऊन हे काउंटीचं मुख्यालय, पण वस्ती लहान. बाकी सगळा मका, सोयाबीन आणि दक्षिण-पश्चिमेला टेकड्या आणि जंगल. आय-६५ महामार्ग सीमोरला लागूनच जातो. उत्तरेला इंडियानापोलिस आणि दक्षिणेला लुईव्हिल, दोन्ही साधारण तासाभरावर. सीमोर ते कोलंबस सुमारे २० मैल, ब्राऊन्सटाऊनहून सुमारे ३०. कमिन्सचा मोठ्या इंजिनांचा कारखाना सीमोरमध्येच आहे, क्यूएसके-९५ हे इंजिन तिथेच बनतं. तुमचं काम त्या प्लांटमध्ये असतं तर माझं उत्तर बदललं असतं.

आता हिशेब. अमेरिकेच्या आयकर खात्याने कामासाठी वापरलेल्या गाडीचा २०२५ सालचा दर मैलाला ७० सेंट धरला होता. त्यात पेट्रोल, टायर, दुरुस्ती, विमा आणि गाडीची घटणारी किंमत, सगळं येतं. ऑफिसला जाण्या-येण्याची वजावट तुम्हाला मिळणार नाही, पण खरा खर्च मोजायला हा दर चांगला. वर्षाला २४० दिवस ऑफिस धरा. ब्राऊन्सटाऊनहून रोज ६० मैल म्हणजे १४,४०० मैल, म्हणजे १०,०८० डॉलर. सीमोरहून रोज ४० मैल म्हणजे ९,६०० मैल, म्हणजे ६,७२० डॉलर. फक्त पेट्रोल मोजलं तर आकडा बराच लहान दिसतो. २५ मैलांचं ॲव्हरेज आणि गॅलनला ३ डॉलर धरले तर ब्राऊन्सटाऊनहून वर्षाला १,७०० च्या आसपास. लोक इथेच फसतात, कारण गाडी झिजते ती महिन्याच्या बिलात येत नाही. ती पाचव्या वर्षी एकदम येते.

म्हणून भाड्यांची तुलना करताना सीमोरच्या भाड्यात महिन्याला ५६० डॉलर आणि ब्राऊन्सटाऊनच्या भाड्यात ८४० डॉलर मिळवा, मग ती रक्कम कोलंबसच्या भाड्याशेजारी लिहा. सीमोरमध्ये दोन बेडरूमचं अपार्टमेंट साधारण ९०० ते १,२०० मध्ये मिळतं. बेरीज केल्यावर कोलंबस आणि सीमोर बऱ्याचदा बरोबरीला येतात. आठवड्यातून दोन दिवस घरून काम असेल, तर सीमोर पुढे जातं.

दुसऱ्या गाडीचं काय, हेही आत्ताच धरा. गावाबाहेर राहिलात तर पत्नीला दूध आणायलाही गाडीच लागेल. रस्त्याला फुटपाथ नाही, रिक्षा नाही, बस नाही. एच-४ वर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावर, नोकरीची परवानगी नसेल आणि गाडीही नसेल, तर जानेवारीत तीन एकरांत एकटं बसणं किती जड जातं, याचा विचार घराचे फोटो बघताना सुचत नाही. त्यामुळे त्यांचं लायसन्स तुमच्याइतकंच महत्त्वाचं. इंडियानात राहायला आल्यापासून ६० दिवसांत इथलं लायसन्स काढायचं असतं. भारतीय लायसन्स असलं तरी लेखी परीक्षा आणि गाडी चालवून दाखवणं दोन्ही द्यावं लागतं. विम्याची कायदेशीर किमान मर्यादा २५/५०/२५ आहे, म्हणजे एका माणसाच्या इजेला २५ हजार, एका अपघातातल्या सगळ्यांच्या इजेला मिळून ५० हजार आणि मालमत्तेला २५ हजार डॉलर. ती फार अपुरी आहे. १००/३००/१०० घ्या.

विम्यात एक बारकावा ग्रामीण भागात फार उपयोगी. ऑक्टोबर ते डिसेंबर हरणांचा माजाचा काळ, त्यात पहाटे आणि तिन्हीसांजेला ती रस्त्यावर येतात. हरणाला धडक बसली तर नुकसान विम्याच्या ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ भागातून भरून मिळतं. हरीण चुकवायला स्टिअरिंग फिरवलं आणि झाडावर गेलात तर तो ‘कोलिजन’ धरला जातो, त्याचा स्वतःच्या खिशातून भरायचा हिस्सा बहुधा जास्त असतो, आणि इजाही जास्त होते. म्हणून आपल्याच लेनमध्ये सरळ राहून ब्रेक दाबायचा. एक हरीण गेलं की मागून दुसरं येणार हे गृहीत धरा.

आता त्या तीन एकरांच्या घराकडे वळू, कारण खरा खर्च जमिनीखाली आणि अंगणात असतो.

सांडपाणी सेप्टिक टाकीत जातं. टाकी साधारण हजार गॅलनची, दर तीन ते पाच वर्षांनी उपसावी लागते. टाकीतून पाणी पुढे जमिनीखालच्या सच्छिद्र पाइपांच्या पट्ट्यात जिरतं. ती पट्टी बंद पडली की नवी करायला दहा हजार डॉलरच्या पुढे जातात, आणि या भागातल्या चिकणमातीत पाणी मुळातच हळू जिरतं. आपल्या स्वयंपाकघराचा सेप्टिकशी सरळ संबंध आहे. कढईतलं उरलेलं तेल, तुपाची भांडी, भाताची पेज, खरकटं, हे सिंकमधून गेलं की टाकीत वर तेलाचा थर जमतो आणि पुढे पट्टीची छिद्रं बुजवतो. तेल डब्यात साठवून कचऱ्यात टाकायचं, भांडी आधी कागदाने पुसायची. घर पाहायला गेलात की मागच्या अंगणात हिंडा. एखाद्याच पट्ट्यात गवत जास्त हिरवं, जमीन मऊ आणि पावसाशिवाय ओली असेल, तर ती पट्टी भरत आलीय. घरातले सगळे नळ अर्धा तास चालू ठेवा आणि मग पुन्हा तिथे जाऊन बघा.

पाणी कुठून येतं ते विचारा. ग्रामीण पाणीपुरवठ्याची लाइन असेल तर प्रश्न मिटला. विहीर, म्हणजे इथली बोअर, असेल तर कोलिफॉर्म (पाणी दूषित असल्याचं दाखवणारे जंतू) आणि नायट्रेट या दोन तपासण्या घर घेण्याआधी आणि नंतर दरवर्षी. चारही बाजूंनी मक्याचं शेत असलं की नायट्रेट वाढण्याचा धोका असतो. मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम. नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचं प्रमाण वाढतं. तान्ह्या बाळाच्या दुधाच्या पावडरीत ते पाणी अजिबात वापरायचं नाही. शिवाय रेडॉन, म्हणजे जमिनीतून घरात शिरणाऱ्या किरणोत्सर्गी वायूची चाचणी करून घ्या. तळघर असेल तर हमखास. पातळी लिटरला ४ पिकोक्युरी किंवा त्याहून जास्त आली तर वायू बाहेर काढणारा पंखा बसवावा लागतो, आणि तो खर्च विकणाऱ्याकडून मागता येतो.

गरम ठेवायचं इंधन हा तिसरा भाग. सीमोरमध्ये बहुतेक घरांना नैसर्गिक वायूची पाइपलाइन आहे. गावाबाहेर अंगणात पांढरी आडवी टाकी दिसेल, ती प्रोपेनची. टाकी ५०० गॅलनची असली तरी भरतात ८० टक्केच, म्हणजे ४०० गॅलन, कारण वायूला फुगायला जागा लागते. टाकीवरचं छोटं झाकण उचललं की खाली गोल डायल असतो, ५ पासून ९५ पर्यंत. काटा ३०च्या खाली जाण्याआधी फोन करायचा. टाकी पूर्ण रिकामी झाली तर पुन्हा भरताना गळतीची तपासणी करावी लागते, तिचे वेगळे पैसे पडतात, आणि थंडीच्या लाटेत गाडी लगेच येत नाही. जुनं, नीट इन्सुलेशन नसलेलं घर हिवाळ्यात ८०० गॅलन सहज खातं. गॅलनला २ ते अडीच डॉलर धरले तर १,६०० ते २,००० डॉलर. उन्हाळ्यात आगाऊ भाव बांधून घेतला तर स्वस्त पडतं. टाकी कोणाची, हे विक्रीच्या करारात लिहून घ्या. ती गॅस कंपनीची असेल तर दुसरी कंपनी त्यात गॅस भरू शकत नाही.

वीज मात्र इथली छान गोष्ट आहे. सीमोर गावात ड्यूक एनर्जी, पण ग्रामीण भागात जॅक्सन काउंटी आरईएमसी, म्हणजे ग्राहकांच्याच मालकीची सहकारी संस्था. आपल्याकडे सहकारी साखर कारखान्याचे सभासद असतात तसे इथे वीजग्राहक सभासद. वाढाव्यातला वाटा त्यांच्या खात्यावर जमा होतो आणि पुढे कधीतरी परत मिळतो. हीच संस्था ग्रामीण भागात फायबर इंटरनेटही देते. तरी ‘या पत्त्यावर’ लाइन आहे का, हे स्वतः फोन करून विचारा. जाहिरातीतल्या ‘हाय-स्पीड उपलब्ध’वर जाऊ नका.

पुराबद्दल. ईस्ट फोर्क व्हाइट नदी कोलंबसला तयार होते आणि जॅक्सन काउंटीतून वाहते. जून २००८च्या पुरात कोलंबसचं रुग्णालय रिकामं करावं लागलं होतं. साध्या गृहविम्यात पूर येत नाही. सरकारी पूरविमा वेगळा, आणि तो सहसा घेतल्यापासून ३० दिवसांनी लागू होतो. घर उंचावर असलं तरी ऑफिसचा रस्ता सखल भागातून जातो का ते बघा. बर्फाच्या दिवसांत काउंटी स्वतःची वाहतूक-पातळी जाहीर करते. पिवळी म्हणजे सावध, नारिंगी म्हणजे फक्त गरजेपुरतं, लाल म्हणजे रस्ते आपत्कालीन सेवांखेरीज बंद. मॅनेजरला हे रंग माहीत असतात, त्यामुळे संकोच न करता सांगा.

करांमध्ये नव्या माणसाची एक चूक नेहमी होते. राज्याचा आयकर २०२५ साली ३ टक्के होता, २०२६ला २.९५. त्यावर काउंटीचा वेगळा कर, आणि तो तुम्ही त्या वर्षी १ जानेवारीला कुठल्या काउंटीत राहत होता यावर ठरतो. १ जानेवारीला तुम्ही पुण्यातच राहत आणि काम करत असाल आणि मार्चमध्ये इंडियानात आलात, तर त्या वर्षी काउंटी कर लागत नाही. पगारातून कर कापण्यासाठी कंपनीला द्यायच्या डब्ल्यूएच-४ फॉर्ममध्ये काउंटीच्या जागी नवा पत्ता बघून ‘जॅक्सन’ लिहिलंत की पगारातून उगाच कापला जातो. विक्रीकर ७ टक्के, पण किराण्यावर नाही. डाळ-तांदळावर शून्य, कोल्ड्रिंक, चॉकलेट आणि तयार जेवणावर आहे.

घरपट्टी स्वतःच्या राहत्या घराला सहसा मूल्यांकनाच्या १ टक्क्यावर जात नाही, भाड्याच्या घराला २ टक्के. ही १ टक्क्याची सवलत आपोआप मिळत नाही. घर घेतल्यावर ‘होमस्टेड’चा, म्हणजे स्वतः राहत असल्याच्या सवलतीचा, अर्ज झालाय का, हे काउंटीच्या ऑडिटर कार्यालयात जाऊन बघा. हप्ते १० मे आणि १० नोव्हेंबरला.

कर्जाचं सगळ्यात आधी विचारा. ग्रामीण भागातले एजंट ‘शून्य डाउन पेमेंट’चं यूएसडीए, म्हणजे अमेरिकेच्या कृषी खात्याच्या योजनेतलं, कर्ज सुचवतात. ते एच-१बीवाल्याला मिळत नाही, आणि मे २०२५ अखेरपासून एफएचएचं, म्हणजे सरकारी गृहकर्ज-विम्याच्या योजनेचं, दारही बंद झालं. उरतं ते सरकारी योजनेबाहेरचं साधं कन्व्हेन्शनल कर्ज, आणि तिथे अमेरिकेतला क्रेडिटचा इतिहास, म्हणजे उधारी वेळेवर फेडल्याची नोंद, लागतो, जो नव्या माणसाकडे नसतो. भाड्याच्या एका वर्षात तो तयार होतो, शिवाय एक हिवाळा आणि एक कापणीचा हंगाम अनुभवून होतो.

दवाखान्यासाठी सीमोरमध्ये श्नेक मेडिकल सेंटर आहे. एवढ्या लहान गावाच्या मानाने उत्तम. त्याला २०११ चा माल्कम बॉल्ड्रिज हा राष्ट्रीय गुणवत्ता पुरस्कार मिळालेला आहे. गुंतागुंतीच्या आजाराला इंडियानापोलिस किंवा लुईव्हिल. आरोग्यविमा निवडताना या तिन्ही ठिकाणचे दवाखाने नेटवर्कमध्ये, म्हणजे विमा कंपनीच्या यादीत, आहेत का ते तपासा. अचानक येणाऱ्या बिलांपासून वाचवणारा केंद्रीय कायदा हेलिकॉप्टर ॲम्ब्युलन्सला लागू होतो, रस्त्यावरच्या ॲम्ब्युलन्सला नाही. गावाबाहेर राहणाऱ्याला हा फरक कधीतरी भोवतो.

मुलीसाठी सीमोरच्या शाळा मला बऱ्या वाटतात. तिथे स्पॅनिशभाषक मुलं बरीच आहेत, त्यामुळे इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलांना सांभाळून घ्यायची शिक्षकांना सवय आहे. सरकारी शाळेत पुस्तकांचे पैसे २०२३-२४ पासून लागत नाहीत. येताना लसीकरणाच्या नोंदी डॉक्टरांकडून इंग्रजीत, तारखांसह लिहून आणा. प्रवेश बहुधा तिथेच अडतो. मराठी घरं मात्र कोलंबसमध्येच जास्त, तीही बहुतेक पुण्याकडची. मुलीच्या वाढदिवसाला, गणपतीला तुम्हीच गाडी काढून जाणार. जुलै-ऑगस्टमध्ये उलट होईल. ब्राऊन्सटाऊन आणि व्हॅलोनियाच्या रेताड जमिनीतली कलिंगडं आणि खरबुजं न्यायला कोलंबसचे लोक तुमच्याकडे येतील.

सीमोरमध्ये घर बघताना रेल्वेच्या कुठल्या बाजूला आहे ते नकाशावर बघा. दोन लाइन गावात एकमेकींना छेदतात आणि मालगाडी आली की फाटकावर थांबून राहावं लागतं. भाडेकरार संपताना नवा पत्ता घरमालकाला लेखी द्या. डिपॉझिट परत करायची कायदेशीर मुदत ४५ दिवस आहे, पण लेखी पत्ता दिला नसेल तर ती मोजायला सुरुवातच होत नाही.