कोणत्या वाक्याला कोणता संदर्भ

प्रिय बाबू,

तुझा मेसेज मिळाला. गावच्या महादेवाच्या देवळावर तू मराठी विकिपीडियात चार परिच्छेद लिहिलेस, दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्यातले तीन उडवले आणि उरलेल्याला 'संदर्भ हवा' असा शेरा लावून गेला. तू ते परत आणलंस, त्याने परत काढलं. आता मला विचारतोस, "पुण्यात बसलेल्याले आमच्या गावचं काय माहीत?" तो पुण्याचाच आहे, हे तुला कोणी सांगितलं? त्यालाही संदर्भ हवाच की.

आधी ही ओढाताण थांबव. इंग्रजी विकिपीडियावर एकाच पानावर चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवाउलटवी केली, तर खात्यावर बंदी येऊ शकते. मराठीत माणसं मोजकी, त्यामुळे कोण भांडकुदळ आहे ते सगळ्यांच्या लक्षात राहतं. लेखाला जोडलेल्या चर्चा पानावर जा. पण जाण्याआधी जुनी आवृत्ती उघडून तुझीच वाक्यं एकेक करून वाच. मी वाचली.

'देऊळ काळ्या दगडाचं आहे.' याला कुणाची हरकत नाही. 'देऊळ हेमाडपंती आहे.' इथून गाडी अडते. आपल्या वऱ्हाडात चुन्याविना रचलेलं कोणतंही जुनं दगडी देऊळ लोकांच्या तोंडी हेमाडपंतीच असतं. हेमाद्री म्हणजेच हेमाडपंत, हा देवगिरीच्या यादवांचा तेराव्या शतकातला मंत्री. त्याच्या आधीची देवळंही त्याच्या खात्यावर जमा झालेली आहेत. आणि पुढचंच तुझं वाक्य, 'हे देऊळ पाचशे वर्षांपूर्वी बांधले.' अरे, हेमाद्रीचा काळ साडेसातशे वर्षांपूर्वीचा! दोन ओळींत दोन शतकांची गफलत, आणि संदर्भ म्हणून देवळाबाहेरच्या पाटीचा फोटो. ती पाटी जीर्णोद्धाराच्या वेळी रंगवलेली आहे. जीर्णोद्धार कधी झाला, देणगी कोणी दिली, यात्रा कोणत्या तिथीला भरते, एवढ्यापुरती ती पाटी भरवशाची. देवळाचं वय तिला कुठून कळणार?

तुमच्या भांडणात नेमकं हेच राहून गेलं. तो म्हणतो पाटी चालत नाही, तू म्हणतोस चालते. पाटी कोणत्या वाक्याला चालते, हे दोघांनीही विचारलं नाही. पेपरचंही तसंच. पुरात पूल वाहून गेला, तर तालुक्याचा वार्ताहर तिथे उभा असतो. ती बातमी बिनधास्त घे. त्याच वार्ताहराने श्रावणात देवळावर लिहिलं, तर साल त्याला पुजाऱ्यानेच सांगितलेलं असतं. नेत्याच्या वाढदिवसाची पुरवणी तर जाहिरातीच्या पैशावर निघते. तिच्यातला गौरव विकिपीडियात आणूच नकोस. इंग्रजांच्या काळातलं १९११ चं अमरावती जिल्ह्याचं गॅझेटिअर, म्हणजे सरकारी माहितीग्रंथ, तेव्हाच्या बाजारहाटासाठी, जत्रांसाठी सोन्यासारखं आहे. पण जातीजमातींच्या स्वभावावर त्यात जे शेरे आहेत, ते साहेबाचं मत म्हणूनच वाचायचे.

आता लोणारचं बघ. सरोवराचं वय बावन्न हजार वर्षं, असं तुला शंभर ठिकाणी सापडेल. तो आकडा तप्तदीप्ती पद्धतीने, म्हणजे दगड तापवल्यावर निघणारा उजेड मोजून काढलेला, त्यात सहा हजार मागेपुढे. नंतर आरगॉन पद्धतीने, म्हणजे दगडात साठलेल्या आरगॉन वायूवरून मोजलं, तेव्हा वय निघालं सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं. तो शोधनिबंध २०११ चा. म्हणजे दहापटीहून जास्त फरक. आता कुणी म्हणेल, शंभर बातम्या एकीकडे आणि एक निबंध दुसरीकडे, मग शंभरांचंच खरं. पण त्या शंभर जणांनी दगड मोजलेलाच नाही, एकाच जुन्या आकड्याची री ओढली आहे. संदर्भ मोजताना मूळ किती, ते मोजायचं. म्हणून बावन्न हजार खोडायचे का? तेही नाही. दोन्ही आकडे द्यायचे, कोणता कोणत्या पद्धतीने आला ते लिहायचं आणि बाजूला व्हायचं. निवाडा करणं संपादकाचं काम नाही.

कधी नुसत्या बेरजेनेही भागतं. 'शकुंतला' रेल्वेचं यवतमाळ ते मूर्तिजापूर अंतर कुठे १८९ किलोमीटर दिसलं, तर थांब. तो टप्पा ११३ चा, मूर्तिजापूर ते अचलपूर ७६. १८९ ही दोन्हींची बेरीज.

आणखी एक फसवणूक ओळखायला शीक. बातमीचा संदर्भ देण्याआधी तिची तारीख बघ, आणि लेखाच्या इतिहासात ते वाक्य कधी आलं ते बघ. वाक्य आधीचं, बातमी नंतरची आणि शब्द तेच असतील, तर वार्ताहराने विकिपीडियातूनच उचललं असणार. आपल्याच शेतातली तूर बाजारातून विकत आणायची आणि 'पहा, बाजारातही अशीच तूर मिळते' म्हणायचं, त्यातला प्रकार.

तुझा खरा राग मला कळतो. आजीला जे माहीत आहे ते कुठे छापलेलंच नाही, मग ते खोटं काहून? खोटं नाही. २०११ मध्ये भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत बोललेल्या माहितीचा ध्वनिमुद्रित संदर्भ द्यायचा प्रयोगही झाला होता. पण नियम अजून प्रकाशित संदर्भाचाच आहे. तो खेड्यांवर अन्याय करतो, हे मी पंचवीस जणांशी भांडून सांगेन. तरी नियम मोडून तो बदलत नाही. आजीचं बोलणं रेकॉर्ड कर, एखाद्या मासिकाला किंवा जिल्ह्याच्या इतिहासावर काम करणाऱ्या प्राध्यापकाला दे. छापून आलं की 'स्थानिक परंपरेनुसार' असं म्हणून घेता येईल.

तोवर कझिन्सची यादी उघड. हेन्री कझिन्सने मध्यप्रांत आणि वऱ्हाडातल्या पुरावशेषांची यादी केली, ती १८९७ साली छापली गेली. इंटरनेटवर फुकट मिळते. गावाचं नाव इंग्रजी स्पेलिंगच्या चारपाच तऱ्हांनी शोध, साहेबाने काय ऐकलं असेल त्याचा नेम नाही. देऊळ सापडलं तर पान क्रमांकासकट चर्चा पानावर टाक आणि त्या संपादकालाच विचार, 'यावर एवढं वाक्य बसतं का?' नाही सापडलं, तर काळ्या दगडाचं वाक्य आहेच. यात्रेचं वाक्य पाटीच्या आधाराने परत मागून घे, आणि 'पाचशे वर्षं' तूच काढून टाक, त्याची वाट पाहू नकोस.

तुझा,
काका