जवसाची रोपं उगवल्यावर आठ-दहा दिवसांत पिवळी पडून का मरतात? ही मातीतली बुरशी आहे का?

बहुतेक वेळा हो. खात्री करायची तर मरू लागलेलं रोप मुळासकट अलगद उपटून धुवा. जमिनीखालच्या खोडावर किंवा मुळावर लालसर-तपकिरी चट्टे दिसले, तर पहिला संशय रायझोक्टोनिया सोलानी या मातीतल्या बुरशीवर घ्या. जवसाच्या रोपांची मर मुख्यतः हिच्यामुळेच होते. भुसभुशीत, उबदार, ओलसर माती तिला फार मानवते. फ्युजॅरियम आणि पिथियम हे मातीतले दुसरे रोगकारकही सोबत असू शकतात.

बियाण्याकडे मात्र फारसं कुणी बघत नाही, आणि मला तेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं. मळणीत जवसाच्या टरफलाला बारीक तडे जातात, डोळ्यांना दिसतही नाहीत, आणि बुरशी तिथूनच आत शिरते. पिवळ्या दाण्याच्या वाणांत तडे जास्त पडतात. म्हणून तडे न गेलेलं, बीजप्रक्रिया केलेलं (बुरशीनाशक चोळलेलं) बी वापरा, घट्ट बसलेल्या मातीत उथळ पेरा. त्याच शेतात किमान तीन वर्षं जवस नको. मधे तृणधान्य घ्या; कडधान्यानंतर लगेच जवस टाळा, कारण रायझोक्टोनिया त्यांच्यावरही जगते.

मेलेली रोपं फवारणीने परत येत नाहीत, तो खर्च कृपया करू नका.