पॅरासिटामॉलचा परतीचा पीक दिसत नाही. पल्स व्होल्टॅमेट्रीने पुढची जलद अभिक्रिया मोजता येईल का?

हो, येईल. (व्होल्टॅमेट्री म्हणजे इलेक्ट्रोडवरचा व्होल्टेज बदलत करंट मोजणं; त्या आलेखातला उंचवटा म्हणजे पीक.) पण स्क्वेअर वेव्हमधला, म्हणजे व्होल्टेज पुढे-मागे पल्स देत वाढवण्याच्या पद्धतीतला, फक्त निव्वळ पीक (जातानाचा करंट वजा परतीचा) पाहिलात, तर हवी ती माहिती नेमकी त्याखाली झाकली जाईल. एम.एस्सी.च्या प्रकल्पात माझे दोन आठवडे यातच गेले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तीव्र आम्लात सायक्लिक व्होल्टॅमेट्री (व्होल्टेज सलग पुढे नेऊन परत आणणं) करताना तुम्हाला ऑक्सिडेशनचा पीक मिळाला आणि परतताना तिथे काहीच दिसलं नाही. तसंच व्हायला हवं. पॅरासिटामॉल दोन इलेक्ट्रॉन आणि दोन प्रोटॉन सोडून क्विनोनइमाइन बनतं. (जास्त गोळ्या घेतल्यावर यकृताला इजा करतं ते हेच.) पीएच 6 च्या आसपास ते बऱ्यापैकी टिकतं. तीव्र आम्लात मात्र त्याला प्रोटॉन चिकटतो, पाणी जोडलं जातं आणि शेवटी बेन्झोक्विनोन तयार होतं. हीच ती पुढची अभिक्रिया. सेकंदाला 100 मिलिव्होल्ट वेगाने 300 मिलिव्होल्ट पुढे जाऊन परत यायला 6 सेकंद लागतात. तोवर क्विनोनइमाइन उरतच नाही.

पल्समध्ये हा वेळ आपल्याला आखडता येतो. 25 हर्ट्झला परतीचा पल्स 20 मिलिसेकंदांचा असतो, 250 ला 2 मिलिसेकंदांचा. समजा पुढच्या अभिक्रियेचा वेगस्थिरांक सेकंदाला 100 आहे, म्हणजे अर्धायुष्य सुमारे 7 मिलिसेकंद. मग 20 मिलिसेकंदांत जेमतेम आठवा हिस्सा शिल्लक राहील, 2 मिलिसेकंदांत मात्र 80 टक्क्यांहून जास्त.

म्हणून जातानाचा आणि परतीचा करंट वेगवेगळे काढा, प्रत्येकाला फ्रिक्वेन्सीच्या वर्गमुळाने भागा आणि 10 पासून 500 हर्ट्झपर्यंत त्यांचं गुणोत्तर कसं बदलतं ते पाहा. फ्रिक्वेन्सी वाढवल्यावर परतीचा करंट डोकं वर काढू लागला, तर पुढची अभिक्रिया पकडीत आली. उलट तो आणखी दबला आणि दोन्ही पीक एकमेकांपासून लांब सरकले, तर दोष इलेक्ट्रॉन हस्तांतरणाच्या मंदपणाचा. ग्लासी कार्बनच्या इलेक्ट्रोडवर पॅरासिटामॉलच्या बाबतीत हा धोका खरा आहे. दोन्ही परिणाम एकाच वेळी असू शकतात. मग सिम्युलेशनशी जुळवणी करावीच लागते. आधी पीएच 6 च्या बफरमध्ये तोच प्रयोग करा, म्हणजे पुढची अभिक्रिया जवळजवळ नसताना तुमचा इलेक्ट्रोड कसा वागतो ते कळेल.

फ्रिक्वेन्सी मनाला येईल तितकी वाढवता येत नाही. 3 मिलिमीटरच्या इलेक्ट्रोडची धारिता साधारण 1.4 मायक्रोफॅरड धरा, द्रावणाचा रोध 100 ओहम. दोन्हींचा गुणाकार 0.14 मिलिसेकंद, हा इलेक्ट्रोड चार्ज होण्याचा काळ. चार्जिंग करंट (फक्त पृष्ठभाग चार्ज करण्यात जाणारा) विरायला याच्या पाचपट वेळ द्यायचा, म्हणजे 0.7 मिलिसेकंद, त्याआधी मोजलेला करंट रसायनाचा नाही. त्याहून जलद जायचं असेल तर मायक्रोइलेक्ट्रोड घ्या. व्यास 10 मायक्रोमीटर केला की हा काळ 300 पट कमी होतो, कारण तो त्रिज्येच्या प्रमाणात बदलतो.

प्रत्येक स्कॅनआधी इलेक्ट्रोड 0.05 मायक्रॉन अॅल्युमिनावर घासा. आणि सगळी मालिका दोन वेगळ्या संहतींना घ्या. गुणोत्तर संहतीनुसार बदललं तर पुढची अभिक्रिया पहिल्या कोटीची (वेग एकाच पदार्थाच्या संहतीच्या थेट प्रमाणात असलेली) नाही, आणि वरचं अर्धायुष्याचं गणित तिथे लागू पडणार नाही.